देवळ्याच्या शिवारांतील रोहित्रपट्ट्या व वीजप्रवाहांतील उपस्वर

(१) प्रास्ताविक

ताम्रपट, शिलालेख, सनदा, महजर व कैफियती यांच्या चर्चेस वाहिलेल्या पानांत विजेच्या रोहित्राविषयीं लेख पाहून कांहीं वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु साधनाची योग्यता त्याच्या वयावरून ठरत नसून, तें कोणत्या गोष्टीची साक्ष देतें यावरून ठरते. धातूच्या पत्र्यावर कोरलेला, ठराविक क्रमानें मांडलेला, तयार करणाराचें नांव व साल सांगणारा आणि ज्याच्या प्रत्येक अक्षरामागें मोठा पूर्वेतिहास आहे असा मजकूर जर गांवोगांवच्या शिवारांत उघड्यावर टांगलेला असेल, तर तो वाचणें हें संशोधकाचेंच काम होय. असा मजकूर प्रत्येक रोहित्रावर असतो. गांवकरी ज्यास ‘डी. पी.’ म्हणतात व सरकारी कागदांत ज्यास ‘रोहित्र’ म्हणतात, त्या यंत्राच्या टाकीवर बसविलेली ती पट्टी आहे.

या पट्टीवरील एका अक्षराचा व एका अंकाचा अर्थ लावणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तें अक्षर ‘डी’ व तो अंक ११. या दोहोंत वीजशास्त्रांतील सुमारें सवाशें वर्षांचा एक झगडा साठविलेला आहे. विजेच्या शुद्ध तरंगांत मिसळणाऱ्या पटींच्या तरंगांशीं, म्हणजे ज्यांस इंजिनिअर लोक हार्मोनिक्स म्हणतात त्यांच्याशीं, हा झगडा झाला व अद्याप चालू आहे. गायनशास्त्रांत अशा पटीच्या नादांस उपस्वर म्हणण्याचा परिपाठ आहे. तोच शब्द आम्हीं येथें योजला आहे. त्याचें समर्थन पुढें येईल.

(२) स्थळ

मुंबई-आग्रा रस्त्यावरील सोग्रसाहून निघून भावडबारी उतरलें म्हणजे देवळ्याचें शिवार लागतें. नाशिक जिल्हा १८६९ सालीं अस्तित्वांत आला. देवळा गांव पूर्वीं कळवण तालुक्यांत मोडत असे व १९९९ सालीं त्याच्या नांवाचा स्वतंत्र तालुका झाला. लोहोणेर, विठेवाडी हीं गिरणाकांठचीं गांवें व कांद्याच्या बाजाराबद्दल प्रसिद्ध असलेलें उमराणें हीं या तालुक्यांतच येतात. पाऊस बेताचा, जमीन चांगली व भरवसा विहिरीवर, अशी येथील शेतीची ठेवण आहे.

या भागास पाण्याच्या सामायिक व्यवस्थेची परंपरा नवी नाहीं. गिरणा, मोसम, पांझरा यांच्या खोऱ्यांतील फडपद्धति अभ्यासकांच्या परिचयाची आहे. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, पाटावर फड, आणि पाण्याची पाळी सांभाळण्यास पाटकरी व जागल्या, अशी ती रचना होती. पाटाचें पाणी सर्वांचें असल्यामुळें एकानें फोडलेली बारी दुसऱ्यास भोंवत असे. आजची डी. पी. ही विजेची सामायिक विहीर आहे. एका रोहित्रावर दहापंधरा शेतकऱ्यांचे पंप चालतात व एकाच्या यंत्रानें विजेंत घातलेली घाण बाकीच्यांच्या मोटारींत उतरते. फडाची शिस्त कागदोपत्रीं व लोकस्मृतींत राहिली, डी. पी. ची शिस्त कोठें लिहिलेली आहे, असा प्रश्न केल्यास उत्तर त्या पट्टीपाशीं सुरू होतें.

(३) पट्टीचें वाचन

शंभर के. व्ही. ए. च्या नेहमींच्या रोहित्रावरील मजकूर साधारणतः येणेंप्रमाणें असतो. मूळ लेख इंग्रजींत असतो. येथें तो देवनागरींत उतरला आहे.

ओळ १: के. व्ही. ए. — १००
ओळ २: निर्भार व्होल्ट — एच. व्ही. ११०००, एल. व्ही. ४३३
ओळ ३: अँपिअर — एच. व्ही. ५.२५, एल. व्ही. १३३.३
ओळ ४: फेज — ३; हर्ट्झ — ५०
ओळ ५: इम्पीडन्स — ४.५ टक्के
ओळ ६: व्हेक्टर ग्रुप — डी-वाय-एन-११
ओळ ७: थंड करण्याची रीत — ओ. एन. ए. एन.

याखेरीज करणाराचें नांव, अनुक्रमांक, निर्मितीचें साल, तेलाचें व एकंदर वजन हीं असतात. सातव्या ओळीचा अर्थ इतकाच कीं, आंतील तेल व बाहेरील हवा हीं दोन्ही आपोआप फिरून यंत्रास थंड ठेवतात; पंखा किंवा पंप नाहीं.

जुन्या पत्राची सत्यता पाहतांना आपण प्रथम शक, संवत्सर, तिथि व वार यांचा मेळ बसतो कीं नाहीं तें पाहतों. तसाच मेळ येथेंही घालतां येतो. तीन फेजच्या यंत्रांत व्होल्ट व अँपिअर यांचा गुणाकार १.७३२ नें गुणिला असतां शक्ति मिळते. ११००० गुणिले ५.२५ गुणिले १.७३२ हे सुमारें एक लक्ष होतात. ४३३ गुणिले १३३.३ गुणिले १.७३२ हेही एक लक्षच भरतात. पहिल्या ओळींतील १०० के. व्ही. ए. म्हणजे तेच एक लक्ष व्होल्ट-अँपिअर. मेळ बसला. जेथें तो बसणार नाहीं, तेथें पट्टी दुसऱ्या यंत्राची आहे किंवा कोरणाराकडून चूक झाली आहे, असें समजावें. मेळ बसला तरी आंतील यंत्र मूळचेंच आहे असें मात्र सिद्ध होत नाहीं. रोहित्र जळल्यावर त्याच्या गुंडाळ्या नव्यानें भरल्या जातात, टाकी व पट्टी तीच राहते. जुन्या बंदावर नवी नक्कल लिहिली जावी, तसा हा प्रकार आहे.

आतां सहावी ओळ. पहिलें अक्षर ‘डी’ म्हणजे डेल्टा: ११००० व्होल्टांच्या बाजूच्या तीन गुंडाळ्या टोकास टोक जोडून बंद त्रिकोण केला आहे. ‘वाय’ म्हणजे स्टार: ४३३ व्होल्टांच्या बाजूच्या तिन्ही गुंडाळ्यांचें एकेक टोक मध्यबिंदूंत आणिलें आहे. ‘एन’ म्हणजे तो मध्यबिंदु न्यूट्रल म्हणून बाहेर काढला आहे. ११ हा अंक घड्याळाचा आहे. वरच्या दाबाचा काटा बारावर धरिला, तर खालच्या दाबाचा काटा अकरावर येतो. म्हणजे दोहोंमध्यें तीस अंशांचें अंतर पडतें. शिवारांत उभें राहून वर पाहिलें तरी या ओळीचा पडताळा मिळतो. अकरा हजारांच्या लाइनीस तीनच तारा असतात, कारण त्रिकोणास न्यूट्रल नाहीं. रोहित्रापुढील लघुदाबाच्या खांबांवर न्यूट्रलची आणखी एक तार दिसते.

हा ‘डी’ तेथें कां आला, हें समजण्यास मागें जावें लागेल.

(४) उपस्वरांचा पूर्वेतिहास

जोझेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञानें १८२२ सालीं उष्णतेच्या प्रसाराविषयींचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, पुनःपुन्हां त्याच आकारानें येणारा तरंग कितीही वेडावांकडा असला तरी तो शुद्ध तरंगांच्या बेरजेनें मांडतां येतो; त्या शुद्ध तरंगांचीं आवर्तनें मूळ आवर्तनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशीं पूर्ण पटींत असतात. आपल्याकडे विजेचीं आवर्तनें सेकंदास ५० आहेत. म्हणून तिसरा उपस्वर १५० चा, पांचवा २५० चा व सातवा ३५० चा.

गायनाच्या जाणकारांस यांत नवीन कांहीं नाहीं. तंबोऱ्याचा षड्ज छेडला असतां त्याच तारेंतून वरच्या सप्तकांतील पंचम व त्याहून वर गांधार ऐकूं येतो. त्यास आपले गवई स्वयंभू गांधार म्हणतात. तिप्पट आवर्तनांचा नाद तो पंचम आणि पांचपट आवर्तनांचा तो गांधार. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनीं बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ १९१० सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं स्वरांचीं आवर्तनें मोजून दाखविण्याचा जो मार्ग धरिला, तो महाराष्ट्रांत या विषयाचा मापपूर्वक विचार करण्याचा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय. पुढें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं तंबोऱ्यासारख्या तंतुवाद्यांच्या उपस्वरांची मीमांसा केली. तात्पर्य, तिसरा उपस्वर म्हणजे विजेचा पंचम व पांचवा म्हणजे तिचा गांधार. भेद एवढाच कीं, तंबोऱ्यांत जें भूषण तें विजेंत दूषण ठरतें.

हें दूषण प्रथम ठळकपणें नजरेस आलें तें अमेरिकेंत. कनेक्टिकट संस्थानांतील हार्टफर्ड येथें १८९३ सालच्या सुमारास दुरून आणलेल्या विजेवर चालणारी मोटार अवाजवी तापूं लागली. मोटारीचा दोष सांपडेना. चार्ल्स स्टाइनमेट्झ यानें दाखवून दिलें कीं, जनित्राचा तरंग शुद्ध नसून त्यांत वरचे उपस्वर होते, आणि वीजवाहिनीची नैसर्गिक आवर्तनें त्यांतील एकाशीं जुळल्यामुळें तो अनुनादानें फुगत होता. त्या काळीं तेथें सेकंदास १२५ आवर्तनें वापरीत. तीं कमी करणें हा त्यावरील उपाय ठरला. याच सुमारास फ्रान्समध्यें ब्लोंडेल यानें १८९३ त, व इंग्लंडांत डडेल यानें १८९७ त, विजेचा तरंग कागदावर उमटविणारें ऑसिलोग्राफ यंत्र सिद्ध केलें. तोंपर्यंत तरंगाचा आकार एकेक बिंदु मोजून काढावा लागे. आतां तो हस्ताक्षराप्रमाणें एकदम डोळ्यांपुढें येऊं लागला.

(५) त्रिकोणाचें प्रयोजन

जनित्र सुधारलें तरी दोष पुरता गेला नाहीं, कारण दुसरा उगम खुद्द रोहित्रांत होता. रोहित्राचा गाभा लोखंडी पत्र्यांचा असतो. त्यास चुंबकत्व देण्यासाठीं जो अल्प प्रवाह लागतो, त्याच्या प्रमाणांत लोखंड चुंबकत्व घेत नाहीं. तें भरत आलें म्हणजे अधिक प्रवाह मागतें. म्हणून दाब शुद्ध ठेवावयाचा तर हा चुंबकीय प्रवाह टोकदार होतो व त्यांत तिसरा उपस्वर मोठ्या प्रमाणांत असतो.

आतां तीन फेजांचा गुण पाहा. त्यांचे मूळ तरंग परस्परांपासून १२० अंशांनीं मागें-पुढें असतात. म्हणून ते मध्यबिंदूंत मिळाले असतां बेरीज शून्य होते. तिसऱ्या उपस्वराचें अंतर मात्र १२० च्या तिप्पट, म्हणजे ३६० अंश, म्हणजे कांहींच नाहीं. तिन्ही फेजांतील तिसरे उपस्वर एकाच वेळीं चढतात व एकाच वेळीं उतरतात. ते एकमेकांस खोडीत नाहींत; त्यांची बेरीज होते. दोन्ही बाजू स्टार जोडल्या व न्यूट्रलची वाट दिली नाहीं, तर या प्रवाहास जाण्यास मार्ग उरत नाहीं. मग चुंबकप्रवाह वांकडा होतो, फेजचा दाब टोकदार बनतो व मध्यबिंदु डोलूं लागतो. न्यूट्रलची वाट दिली तर हे उपस्वर लाइनींत शिरतात व शेजारून जाणाऱ्या टेलिफोनच्या तारांत गुणगुण उत्पन्न करितात.

त्रिकोण ही यांतील तोड आहे. त्रिकोण ही बंद वाट असल्यामुळें तिसऱ्या उपस्वराचा प्रवाह तिच्यांतल्या तिच्यांत फिरतो. लोखंडास हवें तें मिळतें आणि बाहेरील तिन्ही तारांत तो उतरत नाहीं. स्टाइनमेट्झ प्रभृतींच्या काळापासून वीजशास्त्राच्या ग्रंथांत ही गोष्ट सिद्धान्त म्हणून आली आहे. तथापि ‘डी’ चें हेंच एक कारण, असें म्हणणें अतिरेकाचें होईल. खेड्यांत एका फेजवर दिवे अधिक, दुसऱ्यावर कमी, असा असमतोल भार नेहमींचा असतो; त्रिकोणामुळें अशा भारांतही न्यूट्रल जागेवर राहण्यास मदत होते. शिवाय उच्च दाबाच्या लाइनीस चौथी तार लागत नाहीं, हा काटकसरीचा लाभ निराळाच. तीन कारणें एका अक्षरांत एकवटलीं आहेत, असें म्हणणेंच युक्त होय.

येथें एका लोकसमजुतीचाही निकाल लावूं. रोहित्राची जी घुमघुम ऐकूं येते ती ५० आवर्तनांची, असें सामान्यतः समजतात. तें बरोबर नाहीं. लोखंड चुंबकत्वाच्या प्रत्येक चढीस, मग ती उत्तर दिशेची असो वा दक्षिण दिशेची, सारखेंच ताणतें. म्हणून एका आवर्तनांत तें दोनदां हालतें. घुमघुमीचा मूळ नाद १०० चा आहे व त्यावर २००, ३०० असे उपस्वर चढतात. घुमघुमींत वरच्या नादांचा कर्कशपणा एकाएकीं वाढला, तर आंत कांहीं बिघडलें असल्याचें तें चिन्ह असूं शकतें; जुने वायरमन कानानें जें ओळखतात त्यास हा आधार आहे.

(६) मुंबई इलाख्यांतील पूर्वपीठिका

या ज्ञानाचा आपल्या देशांतील प्रवास थोडक्यांत सांगतों. टाटांची जलविद्युत् कंपनी १९१० सालीं स्थापन झाली व खोपोलीच्या वीजगृहांतून १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांस वीज मिळूं लागली. सुमारें ७० किलोमीटर अंतर एक लक्ष व्होल्टांच्या दाबानें तोडून ती परळास येत असे. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं बोरीबंदर ते कुर्ला ही देशांतील पहिली विजेची आगगाडी धांवली. तिचा प्रवाह १५०० व्होल्टांचा एकदिक् प्रवाह होता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेनें १९३० च्या सुमारास हीच पद्धति थळघाटांतून इगतपुरीपर्यंत, म्हणजे नाशिक जिल्ह्याच्या हद्दींत, आणिली.

आपल्या विषयाच्या दृष्टीनें याचें महत्त्व असें. उलटसुलट वाहणारा प्रवाह एकदिक् करावयाचा म्हणजे प्रथम फिरत्या कन्व्हर्टरनीं व पुढें पाऱ्याच्या रेक्टिफायरनीं, अशी त्या काळची जगभरची वहिवाट होती. रेक्टिफायर प्रवाह सारखा ओढीत नाहीं, तुकड्यातुकड्यांनीं तोडून घेतो. लोखंडाचा उपस्वर हा यंत्राचा स्वभावदोष होता. हा उपस्वर मात्र वापरणारानें विजेंत मागें लोटलेला असतो. सहा तुकड्यांनीं घेणारा रेक्टिफायर पांचवा, सातवा, अकरावा व तेरावा हे उपस्वर उत्पन्न करितो. इगतपुरीच्या घाटांतील एकदिक् प्रवाहाची पद्धति एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या दोन दशकांत जाऊन २५,००० व्होल्टांचा उलटसुलट प्रवाह आला. म्हणून जुन्या सबस्टेशनांचे कागद व पट्ट्या आतां इतिहासाच्या कक्षेंत आल्या आहेत.

महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळ ता. २० जून १९६० रोजीं स्थापन झालें. नाशिकजवळ एकलहरें येथील औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच १९७० सालीं चालू झाला. पुढील दोनतीन दशकांत विहिरींवरील मोट जाऊन पंप बसले, व देवळ्यासारख्या भागांत डी. पी. हा शिवाराचा खांब झाला. मंडळाचें विभाजन होऊन २००५ सालीं वितरणाचें काम महावितरण कंपनीकडे आलें.

‘डी’ व तीस अंश यांचा सर्वांत भव्य उपयोग महाराष्ट्रांत १९९९ सालीं झाला. चंद्रपूरपासून ठाणें जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरांची, ५०० किलोव्होल्ट एकदिक् दाबाची व १५०० मेगावॉट वाहून नेणारी लाइन त्या वर्षीं सुरू झाली. अशा लाइनीच्या दोन्ही टोकांस सहा-सहा तुकड्यांचे दोन कन्व्हर्टर जोडीनें चालतात. एकास स्टार जोडणीच्या रोहित्रांतून व दुसऱ्यास त्रिकोण जोडणीच्या रोहित्रांतून वीज मिळते. दोहोंत तीस अंशांचें अंतर पडल्यामुळें पांचवे व सातवे उपस्वर परस्परांस खोडतात. उरतात ते अकरावे व तेरावे, आणि ते गिळण्यास फिल्टर बसवावे लागतात. देवळ्याच्या पट्टीवरील ११ हा अंक ज्या तीस अंशांचा, तेच हे तीस अंश.

(७) त्रिकोणाच्या आवांक्याबाहेरचें

विषय येथेंच संपता तर तो निव्वळ कौतुकाचा राहिला असता. परंतु देवळ्याच्या शेतकऱ्याचा ज्यांत हिताहिताचा संबंध आहे, तो भाग पुढेंच आहे.

पूर्वीं डी. पी. वर मोटारी व तारेचे दिवे होते. हे भार प्रवाह जवळजवळ शुद्ध ओढीत. आतां एल. ई. डी. दिवे, दूरचित्रवाणी, मोबाइलचे चार्जर, पंपांचा वेग बदलणारे ड्राइव्ह व सौर वीज जाळ्यांत सोडणारे इन्व्हर्टर हे सर्व अर्धवाहकांच्या जोरावर प्रवाह कमीअधिक तोडून घेतात किंवा देतात. राज्यांत २०१७ सालीं मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना जाहीर झाली, व २०१८ सालीं एकदोन शेतकऱ्यांस मिळून एक लहान रोहित्र देण्याची उच्चदाब वितरणाची योजना आली. या दोहोंनीं खेड्यांतील वीजजाळ्याचें रूप पालटत आहे.

घरगुती उपकरणांचा तिसरा उपस्वर तिन्ही फेजांतून येऊन न्यूट्रलांत तिप्पट होतो. तो त्रिकोणांत अडकतो, अकरा हजारांच्या लाइनींत जात नाहीं. हा ‘डी’ चा उपकार अद्याप चालू आहे. पण तो अडकतो तेथें उष्णता करितो, आणि न्यूट्रलची तार बारीक असेल तर ती तापते. न्यूट्रल तुटली म्हणजे एका घरीं दिवे मंद व दुसऱ्या घरीं दिवे फुटतात, हा अनुभव गांवांस आहे.

पांचव्या व सातव्या उपस्वरांवर मात्र त्रिकोणाची सत्ता चालत नाहीं. ते तीन फेजांत एकाच वेळीं चढत नाहींत, म्हणून ते त्रिकोणांत न फिरतां आरपार जातात. त्यांनीं होणारी हानि सोप्या गणितानें कळते. गुंडाळीच्या धातूंत भोंवऱ्यासारखे फिरणारे जे प्रवाह उठतात, त्यांची उष्णता प्रवाहाच्या वर्गाप्रमाणें व आवर्तनांच्या वर्गाप्रमाणें वाढते. पांचवा उपस्वर मूळ प्रवाहाच्या एकपंचमांश असला, तर प्रवाहाचा वर्ग एक पंचविसांश व आवर्तनांचा वर्ग पंचवीस, गुणाकार एक. म्हणजे एकपंचमांश आकाराचा पाहुणा घरधन्याइतकीच भोंवऱ्याची उष्णता करितो. सातवा एकसप्तमांश असला तर तोही तितकीच.

दुसरा धोका कपॅसिटरचा. पंपास कपॅसिटर लावणें हितकारक आहे व तें लावण्याविषयीं महावितरणचें आवाहनही असतें. परंतु पट्टीच्या पांचव्या ओळींतील ४.५ टक्के येथें महत्त्वाचे ठरतात. १०० ला ०.०४५ नें भागिलें असतां २२२२ येतात. हें त्या रोहित्राचें बळ, के. व्ही. ए. मध्यें. त्यास कपॅसिटरांच्या एकंदर के. व्ही. ए. आर. नें भागून वर्गमूळ काढलें म्हणजे कोणता उपस्वर अनुनादानें फुगेल तें कळतें. तीन-तीनचे पंधरा कपॅसिटर एकाच वेळीं चालू असले तर ४५. २२२२ भागिले ४५ म्हणजे सुमारें ४९, वर्गमूळ सात. अर्थात् सातवा उपस्वर जर कोणी विजेंत घालीत असेल, तर तो येथें फुगून कपॅसिटर फोडील. अकरा हजारांची लाइन लांब असली तर हा आंकडा आणखी खालीं, पांचाकडे सरकतो. १८९३ सालचें हार्टफर्डचें दुखणें तें हेंच. फक्त स्थळ व काळ बदलला.

केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाच्या २००७ च्या नियमांत जाळ्याच्या जोडबिंदूपाशीं दाबांतील एकंदर उपस्वर पांच टक्क्यांहून व कोणताही एक तीन टक्क्यांहून अधिक नसावा, अशी मर्यादा घातली गेली. परंतु मर्यादा घालणें व शिवारांतील डी. पी. वर मोजणें या दोन भिन्न गोष्टी आहेत.

तथापि जपून बोललें पाहिजे. शेतांतील रोहित्रें जळण्याचीं प्रमुख कारणें जास्त भार, असमतोल, तेलाची गळती, कच्चें अर्थिंग व वीज पडणें हींच आहेत. प्रत्येक जळालेल्या रोहित्राचा दोष उपस्वरांच्या माथीं मारणें म्हणजे प्रत्येक पडक्या बारवेस अहल्याबाईंचें नांव देण्यासारखें होईल. चांदवडच्या शेजाऱ्यांस हा दाखला अधिक सांगणें नको. बारवेचा कर्ता ठरविण्यास जसा लेख किंवा हिशेब लागतो, तसा येथें मोजणीचा लेख लागतो.

(८) संग्राहकांस विनंति

आणि नेमका हाच लेख नाहींसा होत आहे. रोहित्र जळालें म्हणजे तें उतरवितात, दुरुस्तीस जातें, निकामी ठरल्यास मोडींत निघतें. पट्टी तांब्या-ॲल्युमिनियमच्या भावानें जाते. कोणत्या सालचें रोहित्र कोणत्या शिवारांत किती वर्षें टिकलें, कितीदां भरलें, त्यावर केव्हां किती पंप होते, हें आज सांगणारे वायरमन व शेतकरी आहेत. आणखी वीस वर्षांनीं ते नसतील. कांद्याच्या ऐन पाण्यांत डी. पी. जळून पीक गेलेल्या माणसाची तक्रार त्याच्या घरच्यांस आठवते, पण तिचें कारण शोधण्याजोगा कागद उरत नाहीं. पुढील अभ्यासकास उपस्वरांची वाढ केव्हां झाली हें ठरवावयाचें असल्यास त्यास जुन्या व नव्या काळाची तुलना लागेल, आणि जुन्या बाजूचें साधन आपल्या पिढीनेंच राखलें पाहिजे.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, त्यांनीं मोडींत निघालेल्या रोहित्राची पट्टी दिसल्यास तिची नक्कल, छाप किंवा छायाचित्र घ्यावें. सातही ओळी, साल व अनुक्रमांक टिपावे. वर दिल्याप्रमाणें मेळ घालून पाहावा. गांव व शिवार लिहावें. खांबावर चालू असलेल्या रोहित्राजवळ मात्र कोणीही जाऊं नये. दुरून दुर्बिणीनें किंवा कॅमेऱ्यानें जें वाचतां येईल तेवढेंच घ्यावें. जुन्या पंपांचीं बिलें, कपॅसिटरच्या पावत्या, वायरमनांच्या वह्या व ग्रामपंचायतींकडील विजेचे अर्ज हींही दप्तरांत जागा मिळण्यास पात्र आहेत. ज्यांच्याकडे मोजणीचें साधन असेल अशा जाणकारांनीं एकाच डी. पी. वर हंगामांत व हंगामाबाहेर तरंगाची नोंद करून ती पट्टीच्या नकलेस जोडून ठेवल्यास ती नोंद पुढें अमोल ठरेल.

फडाच्या पाण्याची पाळी कोणाची, हें ठरविण्यास जुने कागद उपयोगीं पडले आहेत. विजेच्या पाळीविषयीं असा प्रश्न उद्यां उद्भवल्यास त्यावेळीं कागद हातीं असावा, एवढ्यासाठींच हा प्रपंच केला. ‘डी’ या अक्षराचा अर्थ लागला. त्याच्या आवांक्याबाहेर काय उरलें तेंही दिसलें. पुढील काम साधनें जमविण्याचें आहे व तें या मंडळीस नवें नाहीं.